मॅकिन्टॉशचा बाजूला पडलेला जनक

२४ जानेवारी १९८४. कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथील डी अँझा महाविद्यालयाचे फ्लिंट सभागृह अ‍ॅपल कंपनीच्या भागधारकांनी तुडुंब भरले होते. स्टीव्ह जॉब्स यांनी रंगमंचावर एका पिशवीतून छोटेखानी संगणक बाहेर काढला आणि त्या यंत्राने कृत्रिम आवाजात आपली ओळख आपणच करून दिली. टाळ्यांचा कडकडाट बराच वेळ थांबला नाही. पडद्यावरच्या खिडक्या, लहान लहान चित्रे आणि हातातला माउस यांच्या साह्याने संगणक चालविण्याची पद्धत त्या दिवसापासून सामान्य माणसाच्या टेबलावर येऊ लागली. मॅकिन्टॉश हे त्या यंत्राचे नाव. हे नाव ज्याने ठेवले, प्रकल्पाचा पहिला आराखडा ज्याने लिहिला आणि त्यासाठी पहिली माणसे ज्याने गोळा केली, तो जेफ रास्किन मात्र दोन वर्षांपूर्वीच कंपनीतून बाहेर पडला होता.

ग्राफिकल युजर इंटरफेस, म्हणजेच माणूस आणि यंत्र यांच्यामधला पडद्यावरचा सारा व्यवहार, कसा रचावा हे शिकू पाहणारा विद्यार्थी आजही बहुधा बटणांचे आकार, रंग आणि चित्रे यांपासूनच सुरुवात करतो. रास्किन यांनी या विद्येची बाराखडी वेगळ्या अक्षराने सुरू केली. माणसाचे जाणते लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर असते आणि वारंवार केलेली कृती काही दिवसांत त्याच्या नकळत होऊ लागते, या दोन साध्या मानवी मर्यादा त्यांनी पायाशी ठेवल्या. यंत्राची रचना या पायावर उभी नसेल तर ते दिसायला कितीही देखणे असले तरी वापरणाऱ्याला चुकायला लावणारच, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यापायी त्यांनी नोकरी गमावली, बाजारात अपयश पाहिले आणि ज्या पद्धतीचे जनकत्व लोक त्यांना देत होते, त्या पद्धतीवरच टीका करण्याची वेळ त्यांच्यावर आली.

रास्किन यांचा जन्म ९ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. स्टोनी ब्रूक येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत पदव्या मिळविल्या. तत्त्वज्ञान आणि संगीत यांचाही अभ्यास सोबत चालू होता. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातून १९६७ मध्ये त्यांनी संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यासाठी सादर केलेल्या प्रबंधात संगणकाकडून चित्रे काढून घेण्याच्या एका प्रणालीचे विवेचन होते आणि तिचे नाव होते क्विक-ड्रॉ. त्या काळात संगणकाशी बोलायचे ते छिद्रांच्या कार्डांतून, आणि उत्तर यायचे ते छापील अक्षरांच्या ओळींतून. यंत्राचा एकेक मिनिट महाग होता. माणसाचा वेळ मात्र फुकटात धरला जाई. अशा वेळी यंत्राच्या कार्यक्षमतेपेक्षा वापरणाऱ्याची सोय अधिक मोलाची, असे मत एका विद्यार्थ्याने प्रबंधात मांडावे, हे तेव्हाच्या संगणकशास्त्रातील अनेकांना पोरकट वाटले असल्यास नवल नाही.

पदवीनंतर ते सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले ते संगीताच्या अभ्यासासाठी. राहिले मात्र दृश्यकलेचे अध्यापक म्हणून. तेथे त्यांनी कला, छायाचित्रण आणि संगणक असे एकमेकांशी नाते नसलेले विषय शिकविले. ऑर्गन वाजविणे, वाद्यवृंदाचे संचालन करणे, विमानांच्या प्रतिकृती तयार करून उडविणे असे त्यांचे छंद होते आणि त्यातल्या एकालाही ते छंद मानायला तयार नसत. १९७४ च्या सुमारास अध्यापकपद सोडताना त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली ती कुलगुरूंच्या घरावरून गरम हवेच्या फुग्यातून उडत जाऊन! हा किस्सा त्यांच्या चरित्रात हटकून सांगितला जातो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे याच विद्यापीठात बिल अ‍ॅटकिन्सन नावाचा एक विद्यार्थी त्यांना भेटला. या विद्यार्थ्याकडे पुन्हा यावे लागेल.

सत्तरच्या दशकात रास्किन यांचे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत जाणे-येणे होते. जवळच पालो आल्टो येथे १९७० मध्ये झेरॉक्स कंपनीने आपले संशोधन केंद्र उघडले होते. पार्क या नावाने ते ओळखले जाते. तेथे १९७३ मध्ये तयार झालेल्या आल्टो या संगणकावर चित्रमय पडदा आणि माउस दोन्ही होते. रास्किन तेथील संशोधकांशी चर्चा करीत. आपल्या प्रबंधातील विचार वेडगळ नव्हता, याची खात्री त्यांना तेथे पटली असावी.

अ‍ॅपलशी त्यांचा संबंध आला तो मात्र लेखक म्हणून. १९७७ मध्ये अ‍ॅपल-२ हा संगणक बाजारात येत होता आणि त्याच्या बेसिक भाषेची माहितीपुस्तिका लिहून देण्याचे काम रास्किन यांच्या छोट्या कंपनीला मिळाले. बॅनिस्टर अँड क्रन हे त्या कंपनीचे नाव बीबीसीवरील एका विनोदी कार्यक्रमातील दोन पात्रांवरून घेतलेले होते. जानेवारी १९७८ मध्ये ते अ‍ॅपलमध्ये प्रकाशन विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. ते कंपनीचे ३१ वे कर्मचारी. पदव्यांचे ओझे असलेल्या माणसाकडे त्या तरुण कंपनीत संशयाने पाहिले जाईल या भीतीने त्यांनी आपले शिक्षण फारसे उघड केले नव्हते, असे सांगितले जाते.

माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम कमी प्रतीचे मानण्याची रीत सर्वत्र आहे. पण इंटरफेस शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नसेल. यंत्र तयार करणाऱ्याला त्याचे अवघडलेपण जाणवत नाही, कारण त्याला सारे ठाऊक असते. वापरणाऱ्याला एकेक पायरी समजावून सांगायला जो बसतो, त्याला मात्र प्रत्येक अनावश्यक पायरी टोचते. एखादी साधी कृती सांगायला दोन पाने लागत असतील तर दोष पुस्तिकेत नसून यंत्रात आहे, हे अशा वेळी ध्यानात येते. रास्किन यांना तेच दिसले. अ‍ॅपल-२ मध्ये कोणी जादा स्मृती बसवीत असे, कोणी वेगळा पडदा जोडीत असे. त्यामुळे दोन ग्राहकांची यंत्रे सारखी नसत आणि कोणतीही सूचना सर्वांना लागू पडत नसे.

१९७९ च्या वसंत ऋतूत कंपनीचे अध्यक्ष माइक मार्कुला यांनी त्यांच्यापुढे ५०० डॉलर किमतीच्या खेळयंत्राचा प्रस्ताव ठेवला. रास्किन यांना त्यात रस नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणत्याही माणसाला वापरता येईल असा संगणक तयार करू द्यावा, अशी मागणी त्यांनी केली. पडदा, कळफलक आणि यंत्र एकाच पेटीत असावे; ती पेटी उचलून नेता यावी; ग्राहकाला ती उघडण्याची गरज पडू नये; सर्व यंत्रे एकसारखी असावीत आणि किंमत घरगुती वस्तूची असावी, असे त्यांनी टिपणांत लिहिले. ही टिपणे पुढे मॅकिन्टॉशचा ग्रंथ म्हणून कंपनीत ओळखली गेली. त्या सुमारास प्रकल्पांना स्त्रियांची नावे देण्याची प्रथा होती. रास्किन यांना ती रुचत नसे. त्यांनी आपल्या आवडत्या सफरचंदाच्या जातीचे नाव घेतले. ध्वनियंत्रे बनविणाऱ्या एका कंपनीचे नावही तेच असल्याने त्यांनी वर्णाक्षरांत थोडा बदल केला, तरीही अ‍ॅपलला पुढे त्या कंपनीशी तडजोड करावीच लागली.

माणसे निवडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अ‍ॅटकिन्सन यांना त्यांनी १९७८ मध्येच अ‍ॅपलमध्ये आणले होते. दुरुस्ती विभागात काम करणाऱ्या बरेल स्मिथ या स्वयंशिक्षित तरुणाकडे त्यांनी यंत्राची विद्युत रचना सोपविली. बड ट्रिबल, ब्रायन हॉवर्ड, जोआना हॉफमन ही मंडळीही त्यांच्याच काळात आली. अ‍ॅटकिन्सन यांनी पडद्यावर चित्रे रेखाटणारा जो आज्ञासंच पुढे लिहिला, तो लिसा आणि मॅकिन्टॉश या दोन्ही संगणकांचा कणा ठरला. त्याचे नाव क्विकड्रॉ. शिक्षकाच्या प्रबंधाचे नाव शिष्याच्या कामावर आले.

१९७९ च्या अखेरीस जॉब्स आणि अ‍ॅपलचे अभियंते पार्कमध्ये जाऊन आले, हा संगणकाच्या इतिहासातील गाजलेला प्रसंग. जॉब्स यांनी तेथील काम पाहावे यासाठी आपण आणि अ‍ॅटकिन्सन यांनी खटपट केली, असे रास्किन नंतर सांगत. माउसला एकच बटण असावे हा आग्रहही आपलाच, असा त्यांचा दावा होता. पार्कमधील तीन बटणांच्या माउसवर नवखी माणसे गोंधळतात हे त्यांनी पाहिले होते. श्रेयाचे हे वाद सहकाऱ्यांच्या आठवणींत निरनिराळ्या रूपांत भेटतात आणि प्रत्येकजण त्यात आपली बाजू घेऊन उभा असतो.

लिसा प्रकल्पातून दूर केले गेल्यानंतर जॉब्स यांची नजर या लहानशा गटाकडे वळली. १९८१ च्या प्रारंभी त्यांनी मॅकिन्टॉशची सूत्रे हाती घेतली. रास्किन यांना स्वस्त यंत्र हवे होते. जॉब्स यांना लिसासारखे सामर्थ्यवान आणि माउसने चालणारे. कमी किमतीच्या प्रक्रियकाऐवजी मोटोरोलाचा अधिक शक्तिशाली ६८००० घेण्यात आला आणि किंमत चढत गेली. जॉब्स यांच्याबरोबर काम करणे का अशक्य आहे याचे टिपण रास्किन यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये कंपनीचे अध्यक्ष माइक स्कॉट यांच्याकडे दिले. ते जॉब्स यांच्यापर्यंत पोहोचले आणि व्हायचे तेच झाले. १९८२ मध्ये रास्किन यांनी अ‍ॅपल सोडली. ५०० डॉलरच्या कल्पनेतून निघालेला मॅकिन्टॉश बाजारात आला तेव्हा त्याची किंमत २,४९५ डॉलर होती.

न्यायाने सांगायचे तर बाजारात आलेला मॅकिन्टॉश रास्किन यांचा नव्हता. खिडक्या, मेन्यू, माउस, सुझन केअर यांनी रेखाटलेली चिन्हे हे सारे जॉब्स यांच्या गटाचे कर्तृत्व. रास्किन यांच्या हाती प्रकल्प राहिला असता तर कदाचित तो आणखी एक स्वस्त, विस्मृतीत गेलेला संगणक ठरला असता. पण एका पेटीत मावणारा, उघडावा न लागणारा, वर धरायला खाच असलेला संगणक ही कल्पना मात्र टिकून राहिली.

बाहेर पडल्यावर त्यांनी इन्फर्मेशन अप्लायन्स ही कंपनी काढली आणि आपल्या मनातले यंत्र पुन्हा मांडायला घेतले. त्यामागे त्यांचा जुना वैरी होता: मोड. एकच कळ दाबल्यावर यंत्र कधी एक गोष्ट करते, तर कधी दुसरी, आणि त्यातले नेमके काय होणार हे यंत्राच्या त्या क्षणीच्या अवस्थेवर ठरते. या अवस्थांना मोड म्हणतात. कॅप्स लॉक हे त्याचे घराघरांतले उदाहरण. कळ केव्हातरी दाबली गेलेली असते, लक्ष शब्दांवर असते आणि सांकेतिक शब्द तीनदा चुकल्यावर खाते बंद पडते. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना तर हे वेगळे सांगायला नको. कळफलक रोमनवर राहिला आहे हे ध्यानात यायला निरर्थक अक्षरांची अख्खी ओळ उमटावी लागते. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेचे चिन्ह दिसत असते. पण नजर तेथे नसते. चिन्ह दाखविले म्हणजे काम झाले, हा रचनाकारांचा समज रास्किन यांनी खोडून काढला तो याच मुद्द्यावर. जे लक्षाच्या केंद्रात नाही ते दिसत असूनही दिसत नाही. यावर त्यांचा उपाय असा की, अवस्था बदलायचीच असेल तर ती कळ दाबून धरलेली असेपर्यंतच बदलावी. शिफ्टची कळ अशी असते. बोटावरचा दाब हाच सततचा इशारा, त्यामुळे विसरायला वाव उरत नाही.

या तत्त्वावर उभा राहिलेला त्यांचा संगणक म्हणजे कॅनन कॅट. १९८७ मध्ये कॅनन कंपनीने तो १,४९५ डॉलरना बाजारात आणला. त्याला माउस नव्हता, चिन्हे नव्हती, धारिकांना नावे देण्याची भानगड नव्हती. जे काही लिहायचे ते एकाच अखंड मजकुरात. स्पेसबारच्या खाली अंगठ्यांसाठी दोन खास कळा होत्या. त्यातील एक दाबून धरायची आणि हवा तो शब्द टंकायला लागायचे, की कर्सर पुढे किंवा मागे उडी मारून त्या शब्दावर जात असे. यंत्र सुरू करताच आदल्या दिवशी सोडलेला मजकूर जसाच्या तसा समोर येई. चित्रमय संगणकाचा जनक म्हणवल्या जाणाऱ्या माणसाने चित्रांशिवायचे यंत्र तयार करावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण चित्र हे साधन आहे, साध्य नव्हे, ही त्यांची भूमिका जुनीच होती. कॅटची सुमारे २० हजार यंत्रे विकली गेली आणि सहा महिन्यांत कॅननने उत्पादन थांबविले. ते विकण्याचे काम टंकलेखन यंत्रांच्या विभागाकडे होते; लोकांनी त्याकडे पाहिले तेही सुधारलेले टंकलेखन यंत्र म्हणूनच.

त्यानंतर रास्किन यांनी सल्लागार म्हणून काम केले, लेख लिहिले. १९९४ मधील एका लेखात त्यांनी सहजसुलभ या शब्दाचीच झडती घेतली. एखादा इंटरफेस सहज वाटतो म्हणजे तो पूर्वीच्या कशासारखा तरी असतो, एवढेच. त्यात उपजत काही नसते. माउस कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हाती तो दिला तर तो उचलून उलटसुलट करून पाहील, टेबलावर सरकवायचा असतो हे त्याला सुचेलच असे नाही. याचा व्यावहारिक अर्थ नव्या रचनाकाराने गंभीरपणे घ्यावा असा आहे. ग्राहकाला ओळखीचे वाटेल तेच द्यायचे ठरविले, तर काल जी गैरसोय होती तिचीच आज प्रत काढावी लागते.

२००० मध्ये त्यांचे 'द ह्यूमेन इंटरफेस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या विषयाच्या अभ्यासक्रमांत त्याचे नाव हमखास आढळते. पुस्तकात सौंदर्याची चर्चा थोडी आणि मोजमापाची बरीच आहे. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि अ‍ॅलन न्यूवेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली गणना रास्किन वापरतात: एक कळ दाबायला ०.२ सेकंद, माउसने लक्ष्य गाठायला १.१ सेकंद, कळफलकावरून माउसवर हात न्यायला ०.४ सेकंद आणि मनाशी ठरवायला १.३५ सेकंद. मग ते एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न घेतात. प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याला तापमान फॅरनहाइटमधून सेल्सिअसमध्ये किंवा उलट बदलायचे आहे. नेहमीच्या पद्धतीच्या खिडकीत आधी दिशा निवडायची, मग चार कळांचा आकडा टंकायचा आणि शेवटी आज्ञा द्यायची, याला ७.१५ सेकंद लागतात. दिशा आधीच बरोबर निवडलेली असेल तर ३.७. सरासरी सुमारे ५.४ सेकंद. तापमापीचे सुंदर चित्र काढून त्यावर बाण सरकवायला लावले, तर ती सर्वांत संथ पद्धत ठरते. आणि दिशाच विचारली नाही, आकडा टंकताच दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी दाखविली, तर? २.१५ सेकंद. एकही बटण नाही. यंत्राने विचारलेला प्रश्नच अनावश्यक होता, हे मोजल्याशिवाय कोणाला सुचले नसते.

याच पुस्तकात त्यांनी खात्री आहे का असे विचारणाऱ्या खिडक्यांचाही समाचार घेतला आहे. काही दिवसांतच होकाराचे बटण दाबण्याची सवय हाताला लागते आणि ज्या दिवशी खरोखर थांबायला हवे असते त्या दिवशीही बोट आपोआप खाली जाते. महत्त्वाची धारिका नष्ट होते आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी बसतो. इशारा देण्यापेक्षा केलेली कृती मागे घेता येण्याची सोय द्यावी, असे त्यांचे सांगणे. वापरणाऱ्याच्या कामाला यंत्राने इजा होऊ देता कामा नये आणि त्याचा वेळ विनाकारण घालवता कामा नये, असे दोन नियमच त्यांनी घालून दिले होते.

त्यांची सारीच मते पटण्याजोगी नाहीत. धारिकांची नावे आणि स्वतंत्र प्रोग्रॅम मोडीत काढण्याचा त्यांचा हट्ट बाजाराने कधीच मानला नाही. शिकलेल्या लेखकाच्या बोटांचा वेग डोळ्यांपुढे ठेवून ते विचार करीत. प्रथमच संगणकापुढे बसलेल्याला चित्र किती धीर देते, याचे मोल त्यांनी पुरेसे ओळखले नाही असे वाटते.

अखेरच्या वर्षांत ते आपल्या तत्त्वांवर आधारित आर्ची ही प्रणाली तयार करीत होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने २६ फेब्रुवारी २००५ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिका येथे त्यांचे निधन झाले. वय ६१ वर्षांचे होते. आर्चीचे काम त्यांचे चिरंजीव एझा यांनी काही काळ चालविले. ती प्रणाली सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली नाही. एझा यांचे नाव जगभर पोहोचले ते वेगळ्याच कारणाने. २००६ मध्ये त्यांनी पडद्यावरचे पान संपूच न देणारी, खाली सरकवत राहावे तसा नवा मजकूर आपोआप आणणारी रचना केली. पुढचे पान मागण्याची एक पायरी त्यात वाचत होती. समाजमाध्यमांनी ती उचलून धरली आणि कोट्यवधी माणसांचे तासन्‌ तास तीत जाऊ लागले. तिच्या परिणामांबद्दल एझा यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. २०१८ मध्ये ट्रिस्टन हॅरिस यांच्यासह त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या नावात ह्यूमेन हा शब्द आहे.